न गेलेली हाक

१

सुबोधने समोरच्या पाण्याच्या ग्लासाला हातही लावला नाही. "मला माफीबिफी नको," तो म्हणाला. "हे ज्यानं केलं त्याचं नाव तेवढं सांगा."

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका कापडदुकानाच्या वरची ती खोली. शनिवारची टळटळीत दुपार, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि खाली मान घालून बसलेली माणसं. एरवी या खोलीत कुणी गप्प बसलं तर त्याला बरं नाही असं समजत. आज मात्र सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप लागलं होतं.

सुबोध कुर्डुवाडीचा. त्याची बायको इंद्रायणी आठवड्यापूर्वी सकाळी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह, म्हणजे मागितल्याबरोबर मिळणारा नव्हे. दवाखान्याने 'हाक'वर मागणी टाकली. 'हाक' म्हणजे या खोलीतल्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून, हौसेने आणि फुकट बनवलेलं ॲप. दवाखान्यानं मागणी टाकली की जवळच्या दात्याचा फोन वाजायचा, इतकं साधं काम. सगळ्यात जवळचा दाता केम गावचा धनाजी, कुर्डुवाडीपासून गाडीने अर्ध्या तासावरचा. ॲपने 'दात्याला कळवले' असं दाखवलं आणि दवाखाना त्याची वाट बघत बसला. धनाजीचा फोन मात्र वाजलाच नाही. वाट बघून बघून शेवटी सोलापुरातून रक्त नेलं. इंद्रायणी वाचली, बाळही वाचलं, पण पोरीचं गर्भाशय काढावं लागलं. जेमतेम पंचविशीची पोर ती.

"रक्त वेळेवर असतं तर कदाचित थांबता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले," सुबोध म्हणाला. "त्या 'कदाचित'नं मला झोप नाही."

खोलीचा कारभार बघणारी पद्मजा कॉलेजात गणित शिकवायची. उत्तर ठाऊक नसलं की 'ठाऊक नाही' म्हणण्याची तिला सवय होती, आणि आज तेच म्हणणं जड जात होतं. तिने उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. सगळ्यांचे गुरू मृत्युंजय सर उठले, त्यांनी सुबोधच्या खांद्यावर हात ठेवला आणि "पोरं आहेत, घाई करतात हो," असं हळूच म्हणाले.

सुबोध गेला. मग त्यांच्यातल्याच वरदने संगणकाचा पडदा सगळ्यांकडे वळवला. बिघाड कुठे झाला ते त्याला सापडलं होतं. महिन्याभरापूर्वी, एका रविवारी, कुणीतरी या खोलीतल्याच जुन्या संगणकावरून केमच्या बाजूच्या दात्यांसाठी एक नवीन नियम घातला होता. लिहिणाऱ्याच्या जागी नाव होतं सरफराजचं.

"मी नाय लिहिलं हे," सरफराज म्हणाला. "आज पहिल्यांदा बघतोय."

२

या मंडळींचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. कुठल्याही बदलाखाली दोन नावं हवीत, एक लिहिणाऱ्याचं आणि एक ऐकणाऱ्याचं. लिहिणाऱ्याने रविवारी सगळ्यांसमोर आपला कोड ओळीओळीने मोठ्यांदा वाचायचा, कशासाठी काय केलं ते सांगायचं. ऐकणाऱ्याचं समाधान झालं की तो आपलं नाव लावणार. दोन्ही नावं एकाच माणसाची चालत नसत. संगणकच अडवायचा.

नियम मृत्युंजय सरांचा. खोलीतला प्रत्येक जण कोड लिहायला शिकला तो सरांकडून, आणि फी विचारली की सर खरोखर रागवायचे. शिक्षकीची पहिली वर्षं त्यांनी केमच्या शाळेत काढली होती. संध्याकाळची पॅसेंजर चुकली की फलाटावरच्या बाकावर धोतराची घडी उशाला घेऊन झोपायचं, आणि शेजारी स्टेशनमास्तरांचं कुत्रं, हा किस्सा ते दर सहलीला सांगत, आणि पोरंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत. पद्मजाचे वडील गेले तेव्हा तिची एमएस्सीची शेवटची परीक्षा राहिली होती. सरांनी तिला घरून उचलून परीक्षेला बसवलं. तेव्हापासून त्यांचा शब्द तिने कधी तपासून पाहिला नव्हता.

एआय आलं तशी सरांनी सगळ्यांकडून शपथच घेतली. जे मला कळलं नाही ते मी लिहिणार नाही. कोड लिहून देणाऱ्या एआयला या खोलीत मज्जाव. इथे कुणाच्या तरी जिवाशी गाठ आहे, असं ते म्हणत, आणि ते काही चुकीचं म्हणत नव्हते.

हा बदल मात्र एआयचा होता. वरदने पहिल्या नजरेत ओळखलं. प्रत्येक ओळीवर इंग्रजीत लांबलचक खुलासा, कधीच न घडणाऱ्या अडचणींची तजवीज, आणि खरी अडचण आली तर ती गपचूप गिळून 'कळवले' असं दाखवायची सोय. खुलाशाचा मथितार्थ असा, की या भागातल्या दात्यांना संध्याकाळनंतर परतीची गाडी नाही, म्हणून संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्यांना बोलावू नये.

नियमात कनवाळूपणा होता, पण घड्याळ चुकलं होतं. त्यांचं ॲप ज्या संगणकावर चालायचं त्याचं घड्याळ परदेशी वेळेचं, आपल्याहून साडेपाच तास मागे. यंत्राला ते कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्यामुळे धनाजीचा फोन संध्याकाळी मोकळा राहिला आणि मध्यरात्रीपासून पार दुपारपर्यंत मुका झाला. इंद्रायणीला रक्त हवं होतं सकाळी.

ऐकणाऱ्याच्या जागी नाव सरांचं होतं. त्यांनी ते लपवलं नाही. "माझीही चूक आहे," ते म्हणाले. "मोबाइलवर सरफराजच्या नावानं विनंती आली. पोरावर विश्वास, म्हणून वाचून न घेताच नाव लावलं. नियम मीच मोडला." त्यांचा आवाज कापरा झाला आणि खोलीतल्या सगळ्यांना त्यांचाच कळवळा आला. मग ते म्हणाले की सरफराजने काही दिवस लांब राहावं, त्याचा प्रवेश तूर्त काढून घ्यावा.

पद्मजाने तो तिथल्या तिथे काढला. सरफराज बघत होता. "ताई, तुमी पण?" एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

३

पद्मजा त्याच्यामागोमाग त्याच्या घरी गेली, विजापूर वेशीजवळ. सरफराजच्या वडिलांचा मालट्रकचा धंदा. पोरगा हिशेबाला बसायचा आणि उरलेला सगळा जीव 'हाक'मध्ये ओतायचा. अम्मी जुलेखाने चहा ठेवला, पण एरवीसारखी समोर बसली नाही.

सरफराजने थोडक्यात सांगितलं. रविवारी तो खोलीतल्या जुन्या संगणकावर बसतो, निघताना आपलं नाव बंद करायचं राहून जातं, यावरून पद्मजानेच त्याला दोनदा झापलं होतं. एआय वापरायचं असतं तर घरी बसून वापरलं नसतं का, असं त्याने विचारलं. मग धनाजीचा विषय निघाला आणि त्याचा चेहरा पडला.

"तो माझा दोस्त हाय, ताई. मागं सोलापूरला रक्त द्यायला आला तर अम्मीनं रातच्या जेवणाशिवाय सोडला नाय. खाऊन-पिऊन झाल्यावर मीच स्टेशनवर सोडला त्याला. त्याचा फोन मी कशाला बंद करीन?"

पद्मजाने मान हलवली. पण चोर काय, 'मी चोरी केली नाही' असंच म्हणणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिचा तिलाच राग आला.

खोलीत कोण कधी होतं ते नाजनीनला माहीत असणार होतं. दवाखान्यांचे फोन घेणारी, नर्सिंग शिकणारी ही मुलगी खोलीत सगळ्यांत आधी यायची आणि शेवटी जायची. त्या रविवारचं तिला आठवत होतं, कारण सरफराज एका लग्नाला म्हणून लवकर पळाला होता. त्याच्यामागे संगणक चालूच. वरद कोपऱ्यात स्वतःच्या लॅपटॉपवर होता, सर रिक्षाची वाट बघत बसले होते. नाजनीन खाली चहा सांगायला गेली, तिथे मैत्रीण भेटली, गप्पा लांबल्या. परत आली तेव्हा वरद निघून गेला होता आणि सर अजून रिक्षाचीच वाट बघत होते.

"ताई, खरं सांगू?" नाजनीन म्हणाली. "वरदभाईंच्या ऑफिसात तर दिवसभर एआयच चालतं. त्यांनीच तर सांगितलेलं मला."

४

वरदने ते नाकारलं नाही. पुण्याच्या एका कंपनीत त्याची नोकरी, लग्न सोलापुरात झाल्यामुळे घरून काम. शपथ घेताना सरांशी वाद घातलेला तो एकटाच.

"ऑफिसात रोज वापरतो," तो म्हणाला. "म्हणून तर सांगतो, हे माझं असूच शकत नाही. रोज वापरणारा माणूस यंत्राला पहिल्यांदा काय सांगतो? घड्याळ कुठलं आहे ते. आधी चाचणी करून घेतो. हा जो कुणी आहे त्यानं एकदाच विचारलं, आलं ते डोळे मिटून चिकटवलं. याला वापरता येत नाही. शिवाय दुसऱ्याच्या नावानं कशाला करू? मी तर या शपथेवर उघड भांडलोय."

पद्मजाला ते पटत होतं आणि पटायला नको होतं. बाहेरून आलेला, सरांशी हुज्जत घालणारा वरद गुन्हेगार निघाला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ती उठायला लागली तसा वरद सहज म्हणाला, "ताई, एक विचारू? हे केम आहे तरी कुठं? मला तर नकाशात शोधावं लागलं."

पद्मजा दारातच थांबली. आतापर्यंत सगळे जण कोड कुणी लिहिला एवढंच विचारत होते. कोड यंत्राने लिहिला होता. पण केमला संध्याकाळनंतर परतीची गाडी नाही, हे यंत्राला कुणी सांगितलं? ते काही त्याच्या मनाने तिथे गेलं नव्हतं. कुणीतरी ते त्याला सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याला ते माहीत होतं.

तिने तिथूनच धनाजीला फोन लावला.

५

"व्हय, मीच धनाजी," पलीकडून आवाज आला. मागे शेळ्या ओरडत होत्या. इंद्रायणीचं त्याला कळलं होतं आणि त्याचा जीव खालीवर होत होता. एकदा नुसता फोन वाजला असता तर गाडी मारत गेलो असतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्याला बोलू देऊन पद्मजाने विचारलं की संध्याकाळनंतर बोलावू नका, असं त्याने आपल्यापैकी कुणाला सांगितलं होतं का.

"मी? न्हाय बा. मी कशाला सांगू?"

"परत जायला गाडी नसते म्हणून?"

धनाजी जरा गोंधळला. "कुणी सांगितलं तुमास्नी? रातची गाडी हाय की. सोलापूरला आल्तो तवा सरफराजभाऊनं त्याच गाडीत बसवलं मला. पॅसेंजरबिगर गाडी नव्हती ती गोष्ट लई जुनी, ताई. आमचा आबा सांगायचा, संध्याकाळची चुकली की सकाळपस्तोर फलाटावर."

पद्मजाने फोन ठेवला. फलाटावर झोपलेल्या माणसाची गोष्ट ती दर सहलीला ऐकत आली होती आणि हसतही आली होती.

सरफराजला रात्रीची गाडी माहीत होती, त्यानेच तर धनाजीला तीत बसवला होता. परतीची गाडी नाही असं तो यंत्राला सांगणं शक्य नव्हतं. वरदला केम कुठल्या दिशेला ते ठाऊक नव्हतं. धनाजीने तक्रार केलेलीच नव्हती. मग केमचा माणूस संध्याकाळी अडकून पडतो, हे कुणाच्या मनात राहिलं असणार? जो स्वतः तिथे अडकला होता, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्या गाडीने गेला नव्हता, त्याच्या.

तिने सगळं पुन्हा उलटसुलट करून पाहिलं, कुठे चूक सापडते का म्हणून. गणितात आयुष्य गेलं, पण उत्तर चुकावं असं तिला पहिल्यांदाच इतकं मनापासून वाटत होतं. उत्तर काही केल्या चुकेना.

६

रविवारी सकाळी ती सरांच्या घरी गेली. सर अंगणात वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून वाचत होते. तिने केमची गाडी, चालू राहिलेला संगणक, सगळं एका दमात सांगितलं.

"तुमच्या नावानं लिहिलं असतं तर वाचून दाखवावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि दोन नावं तर हवीत. म्हणून लिहिणारा सरफराज केलात आणि ऐकणारे तुम्ही झालात."

मृत्युंजय सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. गेलं वर्षभर कोड लिहिताना मागची ओळ लक्षात राहत नाही, ते म्हणाले. पोरांपुढे तसं कबूल करायची लाज वाटली. केमच्या लोकांसाठी एक शेवटचं काम स्वतःच्या हाताने करावं अशी इच्छा होती, आणि हात चालेना. यंत्राने झटकन करून दिलं. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

हे सगळं पद्मजाने माफ केलं असतं. कदाचित तिथेच त्यांच्याजवळ बसून रडलीही असती.

"पण काल?" तिने विचारलं. "काल तो तुमच्यासमोर 'मी लिहिलं नाही' म्हणत होता. तुम्ही त्याला काढायला सांगितलंत. आणि माझ्या हातानं काढवलंत."

सरांनी वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पोरगा तरुण आहे, पद्मजा. सावरला असता. माझं आता काय राहिलंय, या नावाशिवाय?"

पद्मजाला वाटलं, आपल्याला कुणीतरी घरातून बाहेर काढलं. ज्या माणसाने तिला बोटाला धरून परीक्षेला नेलं, त्यानेच एका पोराला स्वतःच्या जागी उभं केलं होतं, आणि ते करताना तिचा हात वापरला होता. सुबोधला संस्थेचं नाव सांग, माणसाचं नको, संस्था टिकली पाहिजे, असं सर पुढे म्हणत होते. ती उठली.

"संध्याकाळी या, सर. वाचन आहे."

७

सर आले. येणार नाहीत असं तिला वाटलं होतं, पण आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सुबोध दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. सरफराजला पद्मजाने निरोप धाडला होता. तो सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. वरद आणि नाजनीनला अजून काहीच माहीत नव्हतं.

पद्मजाने तो बदल पडद्यावर लावला. "आपला नियम आहे," ती म्हणाली. "ज्यानं लिहिलं त्यानं वाचून दाखवायचं. सर, वाचा."

नाजनीनने तोंडावर हात धरला. सर उठले. त्यांनी पहिली ओळ वाचली, अर्थ सांगितला. दुसरी वाचली. अर्थ सांगताना अडखळले. वेळेची ओळ आली तिथे ते थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याकडे बघत राहिले. खोलीत पंख्याची तेवढी कुरकूर. हे असं का केलं, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी ते लिहिलंच नव्हतं.

"इथं आपलं घड्याळ नाय, सर," मागून सरफराज हळूच म्हणाला. "साडेपाच तास मागचं हाय. म्हणून चुकलं."

सर खाली बसले. "मी लिहून घेतलं," ते म्हणाले. "एआयकडून. सरफराजच्या नावावर टाकलं. त्याचा काही संबंध नाही."

सुबोध उठून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. तो आता ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. "काल तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला," तो म्हणाला. "मला वाटलं, निदान एक माणूस आपल्या बाजूचा आहे." आणि तो निघून गेला. कुर्डुवाडीची गाडी गाठायची होती, घरी इंद्रायणी वाट बघत होती.

पद्मजाने सगळ्यांदेखत सरफराजचा प्रवेश परत दिला. माफी मागितली, साध्या शब्दांत, कारण दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. वरदने त्याच्या पाठीवर थाप मारली. नाजनीन रडत होती. सगळं ठीक झाल्यासारखं दिसत होतं.

खाली दुकानाच्या पायरीवर तिने त्याला गाठलं. पुढच्या रविवारी तो नियम आपण दोघं मिळून नीट लिहू, ती म्हणाली. सरफराज गाडीची चावी हातात घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुमी शोधून काढलंत, ताई. उपकार झाले," तो म्हणाला. "पण मी 'नाय केलं' म्हटलं तवा शोधलं नाय तुमी. आधी काढून टाकलंत, मग शोधलंत. सरांनी नुसतं नाव घेतलं, आणि पाच वर्षं तुमच्यासंगं काम केलेला मी तुमाला एका मिनटात खोटा वाटलो."

त्याने गाडीला किक मारली आणि गर्दीतून वाट काढत तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्याला फोन करायचा धीर तिला झाला नाही.